हसणे आणि हसण्यावारी नेणे

मराठीत हसण्याला तोटा नाही. कोणी गालातल्या गालात हसतो, कोणी ओठ दाबून हसतो, कोणी खो खो हसतो, तर कोणाची हसता हसता पुरेवाट होते. एखादा हसतो आणि एखाद्याचे हसे होते. हसतील त्याचे दात दिसतील, असे म्हणून हसणाऱ्यांची पर्वा करू नका, असेही आपली भाषा सांगते. या सगळ्या प्रयोगांत एक प्रयोग मला गेली दोन वर्षे फार छळतो आहे. तो म्हणजे 'हसण्यावारी नेणे'. वरवर पाहता त्यात वाईट काहीच नाही. एखादी गोष्ट हसत नेणे आणि हसण्यावारी नेणे यांत फरक तो काय, असे कोणीही विचारील. परंतु वाचकहो, या दोहोंत जीवन-मरणाएवढा फरक आहे. हा फरक मी कोणत्याही शब्दकोशात पाहिला नाही. तो मी माझ्या मामांच्या तोंडात पाहिला. अगदी शब्दशः तोंडात!

मामा आपल्या झरी-जामणी तालुक्यातलेच. पैनगंगेच्या अंगाला असलेल्या एका लहान गावचे शेतकरी. चार एकर कोरडवाहू, त्यात कपाशी आणि तूर, दारात एक बैलजोडी, आणि तोंडात सदैव दोन गोष्टी: एक विनोद आणि दुसरा खर्रा. आमच्या मुलखाचे वैशिष्ट्य असे, की माणूस सकाळी घरी मराठी बोलतो, दुपारी पोडावरच्या कोलाम गड्याशी चार शब्द कोलामी बोलतो आणि संध्याकाळी नदीपलीकडच्या आदिलाबादच्या व्यापाऱ्याशी तेलुगूत घासाघीस करतो. मामांना या तिन्ही भाषांत लोकांना हसवता येई. लग्नात, पोळ्यात, एवढेच काय, तेराव्याच्या पंगतीतही मामांच्या भोवती माणसांचे कोंडाळे असे. मामी म्हणायची, "याईच्या तोंडाले कुलूप नाही." त्या बिचारीला काय ठाऊक, की एक दिवस खरोखरच कुलूप लागेल!

खर्रा म्हणजे काय, हे विदर्भातल्या वाचकाला सांगणे म्हणजे पंढरपूरच्या माणसाला बुक्का दाखवण्यासारखे आहे. तरीही कोणी परगावचे प्राध्यापक हा अंक वाचतील म्हणून सांगतो. बारीक कातरलेली सुपारी, तंबाखू आणि चुना एका पन्नीत घालून ती पन्नी फळीवर घासघासून घोटायची, की झाला खर्रा तयार. पानठेल्यावर दिवसभर हा घोटण्याचा आवाज चालू असतो. गुटख्यावर २०१२ साली महाराष्ट्रात बंदी आली, पण घोटणारा हात कोणी धरला? २०१६-१७ साली देशभर जी तंबाखूविषयक पाहणी झाली, तीत महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी जवळपास चारांतला एक जण तोंडाने खाण्याचा तंबाखू वापरतो, असे आढळले. तंबाखूला आपण निदान दोषी तरी मानतो. सुपारीला तर पूजेत गणपती म्हणून बसवतो! पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात, नुसती सुपारीही माणसात कर्करोग घडवते, असे स्वच्छ म्हटले आहे. म्हणजे खर्र्याच्या पन्नीत आरोपी एक नसून दोन आहेत.

२०२२ च्या पावसाळ्यात मामांच्या डाव्या गालाच्या आत एक पांढरा चट्टा उठला. दुखत नव्हता. मामांनी तो आरशात पाहिला आणि म्हणाले, "चुन्यानं पोचारा मारला जणू. घर नाही तं गाल तरी पांढरा झाला." सगळे हसले. दिवाळीच्या सुमारास त्या जागी जखम झाली. तिखट लागेना. मामा म्हणाले, "बरं झालं, मामीचं तिखट तसंही जादाच राह्यते." पुन्हा सगळे हसले. पुढे तोंड नीट उघडेना, भाकरीचा घास लहान करावा लागू लागला. तेव्हा मामांचे म्हणणे असे, की महागाईत लहान घासच परवडतो. आमच्या गावातले एक आजोबा नव्वदीपर्यंत तंबाखू खाऊन ठणठणीत होते, हा दाखला तर पानठेल्यावर रोज निघे. जे पन्नाशीत गेले, त्यांचे दाखले कोणी देत नाही, कारण ते देण्यासाठी ते पानठेल्यावर नसतात. अशा रीतीने सहा महिने तो चट्टा आम्ही सर्वांनी मिळून हसण्यावारी नेला. कापसाची दुसरी वेचणी आटोपल्यावर, जानेवारी २०२३ मध्ये, मामीने घरातले उरलेले पैसे कनवटीला लावले आणि मामांना पांढरकवड्याच्या बसमध्ये बसवले. तिथल्या डॉक्टरांनी तोंडात बॅटरी मारून पाहिली, आणि काहीही न बोलता नागपूरची चिठ्ठी लिहून दिली. सोबतीला मी गेलो. मी तेव्हा बी. ए. च्या पहिल्या वर्षाला होतो.

नागपूरच्या रुग्णालयात गालाचा बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला. आठवड्याने उत्तर आले. कर्करोग.

हा शब्द गावात कोणी उच्चारत नाही. 'तो रोग' म्हणतात, नाही तर आवाज खाली घेऊन 'त्याले टाटाले नेलं' म्हणतात. मुंबईला परळमध्ये २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. तेव्हापासून आजवर देशाच्या कानाकोपऱ्यातून इतके रुग्ण तिथे गेले, की खेड्यापाड्यांत त्या रुग्णालयाचे नावच रोगाचे नाव होऊन बसले. मामांना भेटायला आलेल्या एका म्हाताऱ्या पाहुण्याने हळूच विचारले, "टाटाले नेता का?" मामा पलंगावरून म्हणाले, "नाही भाऊ. तिकडं गेलो तं लोकं टाटा करतेत!" खोलीत क्षणभर भयाण शांतता पसरली, आणि मग तो म्हाताराच आधी हसला.

कर्क म्हणजे खेकडा. ग्रीक वैद्यांनी या रोगाला खेकड्याचेच नाव दिले होते. गाठीभोवती पसरलेल्या शिरा त्यांना खेकड्याच्या नांग्यांसारख्या दिसल्या म्हणे. ही माहिती मी पुस्तकात वाचून मोठ्या विद्वत्तेने मामांना सांगितली. ते म्हणाले, "मंग बरोबर हाय. पैनगंगेतले खेकडे इतले खाल्ले लहानपनी, त्यातला एखांदा राह्यला असंन गालात."

त्या दिवसांत मी एक गोष्ट पाहिली. भेटायला येणारी माणसे दारातच चेहरा पाडून येत. त्यांना काय बोलावे कळत नसे. कोणी गेलेल्या माणसांच्या गोष्टी काढी, कोणी जडीबुटीचा पत्ता सांगे, कोणी नुसताच पायाच्या अंगठ्याने जमीन उकरी. मामांनी एक विनोद केला, की ती माणसे सैल होत, चहा घेत, कापसाच्या भावावर बोलत. सांत्वन करायला आलेल्यांचे सांत्वन रुग्णालाच करावे लागे! मात्र त्यातही एक नियम होता. एका नातेवाईकाने स्वतःच गंमत करायची म्हणून, "आता खर्रा नाकातून खा," असे म्हटले. कोणी हसले नाही. मामांनी भिंतीकडे तोंड फिरवले. विनोदावर पहिला हक्क रुग्णाचा असतो. त्याने केला तर तो दिलासा, दुसऱ्याने केला तर ती टवाळी.

शासनाच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून शस्त्रक्रिया होणार होती. तीसाठी शिधापत्रिका, आधार कार्ड, फोटो, अहवाल, त्यांच्या झेरॉक्स, असे कागदांचे भेंडोळे घेऊन मी खिडक्यांपुढे उभा राहिलो. मामा म्हणाले, "रेशनच्या कार्डावर साखर कवा पुरी भेटली नाही, कॅन्सर मात्र पुरा भेटला!" खिडकीतल्या बाई हसल्या आणि आमचा कागद त्यांनी नीट समजावून दिला.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी सर्जन खाटेजवळ आले. तरुण गृहस्थ होते. एका कागदावर चित्र काढून त्यांनी सगळे समजावले. गालाचा आतला रोगट भाग आणि त्याला लागून असलेला खालच्या जबड्याचा तुकडा, त्यातल्या दातांसकट, काढायचा. मानेतल्या गाठी काढायच्या, कारण हा रोग पहिल्याने मानेत उतरतो. मग गालाला पडलेले खिंडार बुजवायला छातीवरचे कातडे आणि स्नायू रक्तवाहिनीसकट सोडवून, मानेच्या कातडीखालून वर ओढून, गालात बसवायचे. काही दिवस श्वासासाठी गळ्याला छिद्र, अन्नासाठी नाकातून नळी. बोलणे बंद. आणि शेवटी ते जरा चाचरत म्हणाले, "काका, छातीवर केस असतात. ते कातडे तोंडात आले, की तिथेही केस येऊ शकतात."

आम्ही सगळे सुन्न झालो होतो. मामांनी चित्राकडे नीट पाहिले आणि म्हणाले, "म्हंजे डाक्टरसाहेब, आता जे बोलीन ते छातीठोक!"

सर्जनला हसू आवरेना. बाजूच्या खाटेवर चंद्रपूरकडचे एक गृहस्थ होते, त्यांनाही शस्त्रक्रिया सांगितलेली होती. दोन दिवस ते कोणाशी बोलले नव्हते. ते उठून बसले आणि म्हणाले, "मलेबी असंच करतीन का हो?" मग सर्जनने तेच चित्र त्यांनाही समजावले. भीतीपोटी जो प्रश्न त्यांच्या घशात अडकला होता, तो मामांच्या कोटीने बाहेर काढला. विनोदाचा हा उपयोग कोणत्या औषधाच्या चिठ्ठीवर लिहिलेला नसतो.

रात्री बारानंतर पाणीही बंद होते. मामा म्हणाले, "फाशीच्या कैद्यालेबी इचारतेत, काय खाशीन म्हनून. इथं पानीबी नाही." मी हसलो. ते मात्र हसले नाहीत. वॉर्डातले दिवे मालवलेले होते. थोड्या वेळाने मला त्यांच्या खाटेवरून हुंदका ऐकू आला. मी जवळ गेलो तर ते माझा हात धरून म्हणाले, "भेव लागते बाबू. कापसाले भाव नाही भेटला तरी येवढं भेव नाही लागलं कवा. दिवसा मानसं येतेत म्हनून हासतो. नाही तं त्याईले माह्याजवळ बसता येत नाही." मी म्हणालो, "मामाजी, तुमी रडा न. मी बसतो." ते बराच वेळ रडले. मग डोळे पुसून म्हणाले, "मामीले नको सांगू. तिले वाटन, मानूस बदलला."

हसणारा माणूस भीत नाही, असा माझा समज त्या रात्रीपर्यंत होता. तो त्या रात्री गेला.

पुढे दुसऱ्या वर्षाला मानसशास्त्राच्या तासाला फ्रॉइडचे नाव निघाले आणि मला ती रात्र पुन्हा आठवली. फ्रॉइडने विनोदावर १९०५ साली एक ग्रंथ लिहिला. त्यात त्याने फाशीच्या कैद्याचाच एक किस्सा दिला आहे: सोमवारी सकाळी फाशीकडे नेत असताना तो कैदी, आठवड्याची सुरुवात तर झकास झाली, अशा अर्थाचे काहीतरी बोलतो. मामांना फ्रॉइड ठाऊक असण्याचे कारण नाही, पण दोघांच्या विनोदातला कैदी एकच! पुढे १९२३ साली खुद्द फ्रॉइडलाच तोंडाचा कर्करोग झाला. तो सिगारचा मोठा शौकीन होता. त्याच्या वरच्या जबड्याचा आणि टाळूचा बराच भाग व्हिएन्नात कापून काढावा लागला. नाक आणि तोंड यांच्यामधला पडदाच गेल्याने त्याला एक मोठी कवळीसारखी पट्टी बसवली. ती इतकी त्रासदायक होती, की घरात तिला 'राक्षस' म्हणत. पुढच्या सोळा वर्षांत त्याच्यावर तीसहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. १९३९ साली तो लंडनला वारला.

आता गंमत पाहा. तोंडात हा राक्षस घेऊन जगणाऱ्या फ्रॉइडने १९२७ साली विनोदावर पुन्हा एक छोटा निबंध लिहिला. त्याचा आशय थोडक्यात असा: माणसाच्या मनात एक भ्यालेले मूल असते आणि एक वडीलधारे माणूसही असते. हे वडीलधारे माणूस एरवी दरडावते, शिक्षा करते. परंतु विनोदाच्या क्षणी तेच त्या मुलाला जवळ घेते आणि सांगते, की बाळा, ज्या जगाला तू एवढा घाबरतोस तो तर पोरखेळ आहे, त्याची थट्टाच करावी. मला हे वाचून वाटले, मामांच्या खाटेवर त्या रात्री दोघेही होते. दिवसा वडीलधारे बोलत होते, रात्री मूल रडले. दोन्ही खरे होते. परंतु त्याच फ्रॉइडने डॉक्टरांनी सांगूनही सिगार कायमची सोडली नाही, हेही विसरता येत नाही. विनोदाचे मर्म जाणणाऱ्या एवढ्या थोर माणसानेही एक गोष्ट हसत नेली आणि दुसरी हसण्यावारी नेली!

मराठीतही मोठ्या दुखण्याकडे हसून पाहणारे लेखन आहे. पद्मजा फाटक यांनी आपल्या मूत्रपिंड-रोपणाचा अनुभव सांगणाऱ्या पुस्तकाला 'हसरी किडनी' असे नाव दिले. आजाऱ्याने आपला आजार स्वतःच्या शब्दांत सांगितला, की तो 'तो रोग' राहत नाही. त्याला नाव येते, तारीख येते, खाट क्रमांक येतो. मग दुसऱ्या आजाऱ्याला तो विचारता येतो.

फेब्रुवारी २०२३ मध्ये शस्त्रक्रिया झाली. सकाळी साडेआठला मामांना आत नेले, ते संध्याकाळी बाहेर आणले. त्या दिवशी मामी वऱ्हांड्यात एका खांबाला टेकून बसली होती. ती जेवली नाही, बोलली नाही. मी तिला हसवण्याचा प्रयत्न केला तेव्हा ती म्हणाली, "सगळे हासाले सांगतेत. मी कवा रडू?" घरात एक माणूस हसरा असला, की बाकीच्यांवर हसण्याचे ओझे पडते, हे तोपर्यंत माझ्या लक्षातच आले नव्हते. मी गप्प तिच्याजवळ बसून राहिलो.

तिसऱ्या दिवशी मामांना भेटू दिले. चेहरा सुजून भोपळ्यासारखा झालेला. गळ्यात नळी, नाकात नळी, छातीला टाके. बोलता येत नव्हते म्हणून मी एक पाटी-पेन्सिल विकत नेली होती. मामांनी ती छातीशी धरली, थरथरत्या हाताने बराच वेळ लिहिले आणि मामीकडे वळवली. पाटीवर लिहिले होते: 'आता तू बोल. मी मधात बोलत नाही.'

पंचवीस वर्षांच्या संसारात मामीला एक वाक्य पुरे करू न दिलेला तो माणूस! मामी हसली, आणि हसता हसता तिला जे रडू फुटले, ते कितीतरी वेळ थांबेना. तीन दिवस अडवून धरलेले पाणी त्या एका ओळीने मोकळे झाले. मग ती खरोखरच बोलू लागली. बैलांना कोण पाणी पाजते, तुरीचे काय झाले, बहिणीचा फोन आला होता, असे सगळे. मामा डोळे मिटून ऐकत राहिले. नळीतून पेज घालायला परिचारिका आली, तेव्हा पाटीवर दुसरे वाक्य उमटले: 'मीठ कमी हाय.'

टाके निघाले, नळ्या निघाल्या, आणि महिनाभराने किरणोपचार सुरू झाले. त्याला खेड्यातले लोक 'शेक' म्हणतात. सोमवार ते शुक्रवार, सहा आठवडे, असे तीस शेक. या दिवसांत मात्र विनोदाचीही शक्ती गेली. तोंडभर फोड आले, चव गेली, लाळ आटली. पाण्याचा घोटही निखाऱ्यासारखा लागे. अशा वेळी 'हसा, प्रसन्न राहा,' असे सांगणारे लोक फार क्रूर वाटतात. मामा आठ-आठ दिवस कोणाशी बोलले नाहीत. मामीने त्यांना बोलायला लावले नाही. ती नुसती जवळ बसून तूर निवडल्यासारखी बोटे चाळवीत राहिली. पंचविसाव्या शेकाच्या सुमारास एका सकाळी मामांनी गालाच्या आत जीभ फिरवली आणि अस्पष्टपणे म्हणाले, "शेकानं केस बी गेले. न्हाव्याचे पैसे वाचले." मामी माझ्याकडे पाहून म्हणाली, "आलं मानूस घरी."

आज मामा शेतात जातात. डावा गाल आत बसला आहे, तोंड वाकडे आहे, 'प' आणि 'ब' उच्चारताना हवा सुटते. तपासणीसाठी नागपूरला नियमाने जावे लागते. पाच वर्षे निर्धोक गेली, की मगच डॉक्टर निःश्वास टाकणार, म्हणजे २०२८ साली. लग्नात कोणी त्यांच्या तोंडाकडे टक लावून पाहिले, तर मामा स्वतःच म्हणतात, "हासतीन त्याचे दात दिसतीन. माह्ये तं दातच काढून घेतले, आता मले हासाले काय भेव?" शरद पवार यांनाही २००४ साली, ऐन लोकसभा निवडणुकीच्या काळात, तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. एका डॉक्टरने आपल्याला सहा महिने दिले होते, हा किस्सा ते स्वतः जाहीर सभांतून सांगत आले; आणि त्यानंतर वीस वर्षांनी, २०२४ च्या निवडणुकीतही, ते सभा घेत होते. तंबाखू-सुपारीपासून वेळीच दूर राहायला हवे होते, असेही त्यांनी उघडपणे सांगितले आहे. मामा म्हणतात, "त्याईच्यासारखं सगळं झालं माह्यं. फक्त मंत्रिपद बाकी हाय." पण लगेच गंभीर होऊन आर. आर. पाटील यांचेही नाव घेतात. आबा २०१५ च्या फेब्रुवारीत याच रोगाने गेले. तोंडाचा कर्करोग लहान असताना सापडला, तर बहुतेक रुग्ण वाचतात. आपल्याकडे मात्र बहुसंख्य लोक तो बराच वाढल्यावरच डॉक्टरकडे पोचतात. पद असो वा पैसा, उशीर कोणालाच परवडत नाही.

मामांनी आता एक उद्योग आरंभला आहे. बाजाराच्या दिवशी ते पानठेल्याच्या बाकावर जाऊन बसतात. ठेलेवाला त्यांचा जुना स्नेही, त्यामुळे तो काही म्हणत नाही. येणाऱ्या पोट्ट्यांना मामा भाषण देत नाहीत. ते म्हणतात, "तीन बोटं उभी तोंडात घालून दाखव, चहा माह्याकडून." निरोगी माणसाच्या तोंडात स्वतःची तीन बोटे, एकावर एक अशी, सहज मावतात. सुपारीने गालाच्या आतले अस्तर हळूहळू दोरीसारखे ताठ होत जाते आणि तोंड उघडेनासे होते. ही कर्करोगाच्या आधीची पायरी असू शकते. भर बाजारात पाच-सहा पोरे तोंडात तीन-तीन बोटे घालून उभी आहेत, असे दृश्य कोणी पाहिले असेल, तर ते आमच्या मामांचे दवाखान्याबाहेरचे शिबिर होते, हे ध्यानात घ्यावे!

मागच्या वर्षी आपल्याच महाविद्यालयातला एक मित्र माझ्याबरोबर तिथे आला. त्याने बोटे घातली. दोनच गेली. तिसरे काही केल्या जाईना. तो हसून म्हणाला, "माझी बोटंच जाड आहेत, मामाजी." पानठेल्यावरचे सगळे हसले.

मामा हसले नाहीत. इतक्या वर्षांत कोणाच्या विनोदावर मामा हसले नाहीत, असे मी पहिल्यांदाच पाहिले. त्यांनी आपला वाकडा गाल त्याच्याकडे वळवला आणि म्हणाले, "चुन्यानं पोचारा मारला, असं म्हनून मीबी हासलो होतो, बाबू. मजा आली होती तवा." एवढेच बोलले. ठेल्यावर घोटण्याचा आवाजही थांबला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने मामा स्वतः त्या मित्राला नागपूरला घेऊन गेले. कर्करोग नव्हता. सुपारीने गाल आखडला होता. डॉक्टरांनी खर्रा कायमचा बंद करायला सांगितला, तोंड उघडण्याचे व्यायाम दिले, आणि ठरावीक दिवसांनी तपासणीला बोलावले. त्याचा खर्रा पुरता सुटला की नाही, हे मी इथे लिहिणार नाही. तो हा अंक वाचणार आहे, आणि त्याची बोटे खरोखरच जाड आहेत!

मित्रहो, आपल्या वर्गात, वसतिगृहात, बसस्टँडवर किती पन्न्या पडलेल्या असतात, हे मी सांगायला नको. कोणाला उपदेश करण्याचा माझा अधिकार नाही आणि मामांची रीतही ती नव्हे. अंक मिटल्यावर फक्त आरशापुढे उभे राहा. गाल बाहेर ओढून आतून पाहा, जीभ उचलून तिच्याखाली पाहा. पंधरा दिवसांत न भरलेली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, आखडलेले तोंड, यांपैकी काही दिसले, तर त्यावर एकही विनोद करू नका. आधी बस पकडा. डॉक्टरांनी पाहून काय ते सांगितले, की मग पोटभर विनोद करा, आणि ते आम्हालाही सांगा. पुढच्या अंकात छापू.

(बी. ए. अंतिम वर्ष)